आरोग्याची माहिती नेटवर वाचताय? ती भरवशाची आहे का हे तपासायच्या पायऱ्या

बाबांच्या हातावर निळे डाग दिसले तेव्हा मला आधी वाटलं कुठेतरी आपटले असतील. मनगटापासून कोपरापर्यंत, शाई सांडल्यासारखे, कडेने पिवळट पडत चाललेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं ते थांबेचना, मग आम्ही तसेच उठून डॉक्टरांकडे गेलो. बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून ते वॉर्फरिन घेतात, रक्तात गुठळ्या होऊ नयेत यासाठीची गोळी, आणि तिचा परिणाम किती होतोय हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीत कळतं. त्यांच्यासारख्या पेशंटचा आयएनआर साधारण २ ते ३ च्या मधे हवा असतो. त्या दिवशी तो ६ च्या वर गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, गेल्या महिन्याभरात नवीन काही सुरू केलंय का? बाबांनी माझ्याकडे बघितलं.

सुरू मीच केलं होतं. एका व्हिडिओत पांढरा कोट घातलेल्या एका माणसाने फार शांतपणे, फार समजावून सांगितलं होतं की रक्ताभिसरण नैसर्गिकरीत्या सुधारता येतं, खाली वेबसाइटची लिंक होती, तिथे पाच-सहा वनस्पतींच्या अर्काच्या कॅप्सूल, आणि पानाच्या तळाशी तीसेक संशोधनांची यादी. मी आंधळेपणाने नव्हती मागवली, तासभर ते पान वाचलं होतं, अगदी खालपर्यंत. पण त्या पानाच्या बाहेर एकदाही गेले नाही, आणि गडबड तिथेच झाली. बाबा सावरले, डोस परत बसवायला काही आठवडे गेले, पण ती सकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. त्यानंतर जे जे शिकले ते इथे पायरीपायरीने लिहितेय, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी हे व्हायला नको.

एक गोष्ट सगळ्यात आधी. छातीत दुखतंय, अचानक तोंड वाकडं झालंय किंवा एक हात-पाय लुळा पडलाय, श्वास घेता येत नाहीये, रक्त थांबत नाहीये, असं काही असेल तर हा लेख बंद करा आणि तातडीच्या मदतीला फोन लावा. अशा वेळी सर्च करण्यात गेलेली दहा मिनिटं फार महागात पडतात.

जवळ काय काय ठेवायचं

- आजाराचं नेमकं नाव, डॉक्टरांच्या कागदावर किंवा रिपोर्टवर जसं लिहिलंय तसंच. "हार्टचा प्रॉब्लेम" एवढ्यावर सर्च केलं तर काहीही सापडतं.
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, डोससकट. यात व्हिटॅमिनच्या गोळ्या, वनस्पतीजन्य कॅप्सूल, पावडरी, डोळ्यांचे थेंब, सगळं आलं. लोक नेमकं हेच यादीत धरत नाहीत.
- वय, बाकीचे आजार, ॲलर्जी, गरोदरपण असेल तर ते.
- एक वही किंवा फोनमधलं नोट्स ॲप. काय वाचलं, कुठे वाचलं, कुठल्या तारखेचं होतं हे लिहून ठेवायला.
- चार ठिकाणं बुकमार्क करून ठेवा: मेडलाइनप्लस (अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची सामान्य लोकांसाठीची साइट, जाहिराती नसतात), पबमेड (त्याच लायब्ररीचा संशोधन-लेखांचा शोध, फुकट), कॉक्रेन लायब्ररी (एकेका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, १९९३ पासून काम करतेय, प्रत्येक आढाव्याचा सोप्या भाषेतला सारांश मिळतो) आणि जागतिक आरोग्य संघटनेची साइट.

१. प्रश्न आधी वहीत लिहा, मग सर्च करा

हे वाचायला फालतू वाटेल पण अर्धं काम इथेच होतं. मी त्या वेळी सर्च केलं होतं "रक्त पातळ करण्याचे नैसर्गिक उपाय", आणि सर्च इंजिनने मला जे हवं होतं तेच आणून दिलं. खरा प्रश्न होता "वॉर्फरिन चालू असताना या वनस्पतीचा अर्क घेतलेला चालतो का". दोन्हीची उत्तरं पूर्ण वेगळी येतात, करून बघा.

प्रश्नातच उत्तर घालू नका. "अमुक लसीचे धोके" असं टाकलं की धोकेच दिसणार, "अमुक औषधाचे फायदे" टाकलं की फायदेच. त्याऐवजी "अमुक औषधाने तमुक होतं का, पुरावा काय" असं टाका. औषधाचं ब्रँड नाव न टाकता आतल्या घटकाचं नाव टाका, ते पाकिटावर बारीक अक्षरात असतं, ब्रँडच्या नावाने शोधलं की विकणाऱ्यांचीच पानं वर येतात. आणि नुसतं लक्षण टाकून सर्च करत बसू नका. डोकेदुखी टाकली की दोन क्लिकमधे मेंदूच्या गाठीपर्यंत पोचतो माणूस, कारण दुर्मिळ आजारांवर लिहिलेलं भरपूर असतं आणि साध्या डोकेदुखीवर लिहायला कुणाला काही नसतं. रात्री दोन वाजता तर नकोच.

२. पान वाचत बसू नका, पानाच्या बाहेर पडा

मला कुणी एकच पायरी सांगायला लावली तर मी ही सांगेन.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सॅरा मॅकग्रू यांनी २०१७ मधे एक अभ्यास मांडला. ४५ जणांना वेबसाइट तपासायला बसवलं: १० इतिहासाचे अभ्यासक, २५ स्टॅनफर्डचेच विद्यार्थी, आणि १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर, म्हणजे दावे खरे की खोटे हे तपासणं हेच ज्यांचं काम. एका कामात दोन संस्थांची पानं शेजारीशेजारी दिली होती. एक अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, १९३० साली सुरू झालेली, ६०,००० हून जास्त सभासद असलेली बालरोगतज्ज्ञांची मुख्य संघटना, आणि दुसरी अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स, २००२ मधे तिच्यातून मतभेदाने फुटून निघालेला एक छोटा गट. नावं ऐकून तुम्हाला तरी फरक कळला असता का? शिकलेसवरलेले लोक पानावरच बसून राहिले, लोगो बघितला, संदर्भ आहेत का बघितलं, भाषा गंभीर आहे का बघितलं, आणि बरेच जण फसले. फॅक्ट-चेकर मात्र पान नीट वाचायच्या आधीच नवा टॅब उघडून त्या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघायला गेले आणि थोड्या वेळात बरोबर उत्तरावर आले. कमी वाचून जास्त कळलं त्यांना.

हे वाचलं तेव्हा मला माझा तो तास आठवला. मी नेमकी त्या विद्यार्थ्यांसारखी वागले होते.

तर करायचं काय: साइटचं किंवा माणसाचं नाव कॉपी करा, नवा टॅब उघडा, नाव टाकून शोधा आणि त्यांची स्वतःची साइट सोडून बाकीचे निकाल वाचा. नावापुढे "तक्रार", "दावा खोटा", "कोणाचं आहे" असे शब्द जोडून परत शोधा. वरचे दोन-तीन निकाल "स्पॉन्सर्ड" असतील तर सोडून खाली जा. पैसा कुठून येतो ते बघा, माहिती देणारा तीच वस्तू विकत असेल तर ती जाहिरात आहे असं समजूनच पुढे चला, भाषा कितीही प्रेमळ असू दे. एवढ्याला पाच मिनिटं पुरतात.

इथले सापळे:
- शेवटी "डॉट ओआरजी" आहे म्हणजे संस्था चांगली, असं काही नाही. तो पत्ता कुणालाही विकत मिळतो.
- पानाच्या कोपऱ्यातले शिक्के. हेल्थ ऑन द नेट नावाच्या संस्थेचा "हॉनकोड" शिक्का एकेकाळी खरंच तपासून दिला जायचा, पण ते काम २०२२ मधे बंद झालं. आजही कुठल्या साइटवर तो दिसला तर त्याला आता अर्थ नाही, आणि शिक्क्याचं चित्र तर कुणीही चिकटवू शकतं.
- "आमच्याबद्दल" या पानावर माणसाचं नाव, पत्ता, पात्रता काहीच नसेल आणि नुसतं "आमची तज्ज्ञांची टीम" असेल तर तिथून निघा.

३. बोलणारा डॉक्टर असला तरी कशातला डॉक्टर ते बघा

पांढरा कोट दुकानात मिळतो. त्या व्हिडिओतल्या माणसाची पदवी मी नंतर शोधली, नावापुढे डॉक्टर होतं पण वैद्यकातलं नव्हतं.

खरे, मोठे, हुशार लोकसुद्धा आपल्या विषयाच्या बाहेर चुकतात. लायनस पॉलिंग यांच्याएवढा मोठा शास्त्रज्ञ शोधून सापडायचा नाही, १९५४ चं रसायनशास्त्राचं नोबेल आणि १९६२ चं शांततेचं नोबेल. त्यांनी पुढे व्हिटॅमिन सीचे मोठे डोस घेतले की सर्दी होत नाही असं ठासून सांगितलं आणि लाखो लोकांनी ऐकलं. कॉक्रेनने नंतर २९ चाचण्या, ११,३०० हून जास्त माणसं एकत्र करून बघितलं तेव्हा सर्वसामान्य लोकांत रोज व्हिटॅमिन सी घेऊन सर्दी होण्याचं प्रमाण काही कमी झालेलं दिसलं नाही, सर्दीचे दिवस थोडेसे कमी झाले एवढंच. म्हणून माणूस मोठा आहे का याच्याबरोबर दोन प्रश्न विचारायचेच: हा त्याचा रोजचा विषय आहे का, आणि त्याच विषयातले बाकीचे लोक हेच म्हणतात का.

४. पुरावा कुठल्या पायरीचा आहे ते ओळखा

"संशोधनात सिद्ध झालंय" हे वाक्य मला आता खटकतंच. कुठल्या संशोधनात? खालून वर साधारण अशी शिडी असते. सगळ्यात खाली काचेच्या बशीतल्या पेशींवरचे प्रयोग. मग उंदीर. मग एकेका पेशंटच्या हकिगती. मग निरीक्षण करणारे अभ्यास, म्हणजे लोक आपापल्या परीने जगतात आणि संशोधक कुणाला काय होतं ते नोंदवतात. त्याच्या वर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या चाचण्या, एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. आणि सगळ्यात वर अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारे आढावे. बशीत कॅन्सरच्या पेशी मारणं ब्लीचलाही जमतं, त्यामुळे "प्रयोगशाळेत कॅन्सर नष्ट" अशी बातमी आली की ती शिडीच्या तळाची आहे एवढं लक्षात ठेवा.

ही शिडी कशाला लागते ते बीटा कॅरोटीनच्या (भाज्या-फळांत असणारा एक घटक) गोष्टीतून मला कळलं. ज्यांच्या आहारात आणि रक्तात बीटा कॅरोटीन जास्त त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो, असं निरीक्षणातून दिसलं होतं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग साहजिकच वाटलं की त्याची गोळीच द्यावी. फिनलंडमधे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, १९९४ मधे निकाल आला, आणि बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. कमी नाही, जास्त. अमेरिकेत अशीच एक चाचणी चालू होती ती १९९६ मधे मुदतीआधी थांबवावी लागली. पहिले अभ्यास खोटे होते असं नाही, पण भाज्या-फळं भरपूर खाणारा माणूस बाकीही बऱ्याच गोष्टी वेगळ्या करतो, सिगारेट कमी ओढतो, तपासण्या वेळेवर करतो, आणि या सगळ्याचं श्रेय त्या एका घटकाला गेलं होतं. नैसर्गिक, भाजीतलाच घटक, आणि तरी हे झालं.

किती माणसांवर केलं हे पण बघत जा. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख १९९८ मधे लॅन्सेट या नावाजलेल्या जर्नलमधे, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकात, आला, तो होता १२ मुलांवर. लस बनवणाऱ्यांवर खटला भरणाऱ्या वकिलांकडून त्यांना पैसे मिळाले होते हे पुढे उघड झालं, लॅन्सेटने २०१० मधे तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमधे त्यांचं डॉक्टर म्हणून नाव काढून टाकलं गेलं. २०१९ मधे डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, संबंध आढळला नाही. एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला साडेसहा लाख, तरी १२ वाली गोष्ट आजही फॉरवर्ड होते, आणि त्यामुळे मुलं लशीविना राहतात याचा मला खरंच त्रास होतो.

आणि जर्नलमधे छापलं म्हणजे झालं, असंही नाही. २०१५ मधे जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम एक कच्चा अभ्यास केला, चॉकलेटने वजन लवकर उतरतं असा. १५ माणसं, १८ वेगवेगळी मापं. एवढी मापं घेतली की नशिबाने एखादं तरी जुळतंच. पैसे घेऊन छापणाऱ्या एका जर्नलने तो छापला आणि अनेक देशांतल्या वर्तमानपत्रांनी हेडलाइन दिल्या. मग त्याने स्वतःच सांगितलं की हे असं फसवता येतं हे दाखवायलाच मी ते केलं.

५. टक्केवारी दिसली की "कितीतले किती" हे विचारा

"धोका दुप्पट!" अशी बातमी आली की पहिला प्रश्न, दुप्पट म्हणजे किती वरून किती. १९९५ च्या ऑक्टोबरमधे ब्रिटनमधे इशारा दिला गेला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो, म्हणजे १०० टक्के वाढ. बायका घाबरल्या, अनेकींनी गोळ्या एकदम बंद केल्या. प्रत्यक्षात धोका होता ७,००० मधे १ चा ७,००० मधे २. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समधे साधारण १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्त असतो. आकडा खरा होता, पण सांगायची पद्धत अशी की ऐकणाऱ्याला त्यातून निर्णयच घेता येऊ नये.

फायद्याच्या दाव्यालाही हेच लावा. "५० टक्के कमी धोका" म्हणजे १०० मधे २० चे १० झाले की १०,००० मधे २ चा १ झाला? वहीत एका बाजूला न घेणारे, दुसऱ्या बाजूला घेणारे, असं लिहून काढलं की चित्र साफ होतं. हे आकडे पानावर कुठेच मिळत नसतील तर ते पान तुम्हाला पटवायला लिहिलंय, सांगायला नाही.

६. मूळ संशोधन उघडून बघा, निदान तीन

पेपर, म्हणजे संशोधनाचा लेख, वाचायला डॉक्टर असावं लागत नाही, निदान सारांश तरी वाचता येतोच. संदर्भाच्या यादीतलं शीर्षक कॉपी करून पबमेडमधे टाका. बहुतेक वेळा सारांश मोफत दिसतो. त्यात एवढंच शोधा: कुणावर केलं (माणूस की उंदीर), किती जणांवर, किती दिवस, आणि नेमकं काय मोजलं. लेख मागे घेतलेला असेल तर पबमेड वरच ठळक सूचना दाखवतं. पैसे कुणी दिले ते सहसा लेखाच्या शेवटी असतं. शीर्षक सापडतच नसेल तर फार सावध व्हा, हल्ली एआय चॅटबॉट अगदी खरे वाटणारे, लेखकांच्या नावासकट, अस्तित्वातच नसलेले पेपर सांगतात, त्यामुळे चॅटबॉटने दिलेला प्रत्येक संदर्भ असा शोधून बघितल्याशिवाय धरू नका.

हॉस्पिटलमधून आल्यावर मी त्या कॅप्सूलच्या पानावरची यादी हे असं करून बघितली. पहिला पेपर उंदरांवरचा. दुसरा परीक्षानळीतला. तिसरा माणसांवरचा होता, आणि त्याच्या शेवटच्या परिच्छेदात सरळ लिहिलं होतं की रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांनी हा अर्क टाळावा. त्यांच्याच यादीत. मी ते वाक्य स्क्रीनवर किती वेळ बघत बसले होते मला आठवत नाही. त्या यादीवर कुणी क्लिक करणार नाही हे त्यांना माहीत होतं.

७. तारीख बघा

खरी असलेली माहितीसुद्धा शिळी होते. हार्ट अटॅक येऊ नये म्हणून रोज छोटी ॲस्पिरिन घ्या, हा सल्ला कित्येक वर्षं सर्रास दिला जायचा. २०२२ मधे अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने (आजार टाळण्याबद्दल सल्ला देणारा तज्ज्ञांचा गट) सांगितलं की आधी हृदयविकार झालेला नाही अशा ६० किंवा त्यापुढच्या वयाच्या लोकांनी त्यासाठी ती नव्याने सुरू करू नये, रक्तस्रावाचा धोका फायद्याला खाऊन टाकतो. (ज्यांना आधीच अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी, त्यांनी हे वाचून गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.) पानावर तारीखच नसेल तर त्यातलं औषधाबद्दलचं काहीही धरू नका. सल्ला बदलला म्हणजे आधी खोटं बोलत होते असं नसतं, नवा पुरावा आला की बदलणाऱ्या संस्थेवर माझा जास्त विश्वास आहे.

८. व्हिडिओ, फॉरवर्ड आणि "माझ्या ओळखीत एकाला गुण आला"

२०१८ मधे सायन्स या जर्नलमधे एक मोठा अभ्यास आला होता, २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या साधारण १,२६,००० बातम्यांच्या साखळ्यांचा. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि त्याला मुख्यतः बॉट (आपोआप पोस्ट टाकणारे प्रोग्रॅम) नाहीत तर आपण माणसंच कारणीभूत होतो, कारण खोटी बातमी नवीन आणि चकित करणारी असते. म्हणून काही वाचून छातीत धस्स झालं किंवा फार आनंद झाला की तेव्हाच थांबा.

फोटो असेल तर इमेज सर्चमधे टाकून तो पहिल्यांदा कधी, कशासाठी आला होता ते बघा, "आधी-नंतर"चे कितीतरी फोटो दुसऱ्याच कुणाचे निघतात. आणि खालचं काही दिसलं की मी पुढे वाचतच नाही:

- एकच वस्तू दहा आजारांवर.
- "डॉक्टर हे तुमच्यापासून लपवतात."
- "साइड इफेक्ट शून्य, कारण नैसर्गिक आहे." सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पतीच आहे, पण ती गर्भनिरोधक गोळ्यांचा, वॉर्फरिनचा, अवयव-प्रत्यारोपणानंतरच्या औषधांचा परिणाम कमी करते.
- "चालू औषधं बंद करून हे घ्या." हे तर सगळ्यात घातक.

अनुभव सांगणारा माणूस बहुधा खोटं बोलत नसतो, हे मला मुद्दाम सांगायचंय. पण सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप जाते, पाठदुखी कमीजास्त होत राहते, आणि आपण उपाय करतो ते त्रास अगदी टोकाला गेल्यावर, मग उतार पडला की श्रेय शेवटच्या उपायाला. शिवाय ज्यांना गुण आला नाही ते व्हिडिओ काढत नाहीत.

मावशीने असं काही पाठवलं की मी आता ग्रुपवर उलट बोलत नाही, त्याने माणसं दुखावतात आणि पाठवणं थांबत नाही. वेगळा फोन करते, "मावशी, तू सुरू केलंस का हे? तुझ्या बीपीच्या गोळीबरोबर चालतं का एकदा बघूया" असं म्हणते. ती काळजीपोटीच पाठवत असते. गेल्या वेळी तिने स्वतःच पाकिटाचा फोटो काढून पाठवला, बघ गं म्हणून.

९. माहिती खरी निघाली, पण ती तुमच्यासाठी आहे का?

डिस्कर्न नावाची १६ प्रश्नांची एक यादी आहे, १९९९ ची, उपचारांबद्दलची माहिती तपासायला बनवलेली. सगळे प्रश्न नाही वापरत मी, पण चार कायम विचारते. यात धोके सांगितलेत का? दुसरे पर्याय सांगितलेत का? कशाबद्दल अजून खात्री नाही ते सांगितलंय का? आणि उपचार घेतलाच नाही तर काय होईल हे सांगितलंय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विकणाऱ्यांच्या पानावर मला अजून एकदाही मिळालेलं नाही.

त्यानंतर अभ्यासातल्या माणसांशी स्वतःला ताडून बघा. तिशीतल्या निरोगी पुरुषांवर झालेली चाचणी माझ्या ७१ वर्षांच्या, सहा गोळ्या घेणाऱ्या बाबांना तशीच्या तशी लागू होत नाही.

१०. डॉक्टरांसमोर कसं मांडायचं

"मी नेटवर वाचलंय" म्हणून सुरुवात केली की काही डॉक्टर आक्रसतात, खरं आहे, त्यांना दिवसभर तेच ऐकावं लागतं. मी असं करते: एकच कागद, वर औषधांची यादी, खाली जास्तीत जास्त तीन प्रश्न, आणि सोबत मूळ लेखाचं नाव. "हे घेऊ का" असं न विचारता "बाबांच्या या गोळ्यांबरोबर याचा काही त्रास होऊ शकतो का, आणि त्यांच्या बाबतीत याचा फायदा किती" असं विचारते. उत्तर तिथल्या तिथे लिहून घेते कारण घरी येईपर्यंत अर्धं विसरायला होतं. डॉक्टरांना वेळ नसेल तर औषधांचा एकमेकांशी होणारा परिणाम फार्मासिस्टही चांगला सांगू शकतात, दुकानात गर्दी नसताना जा.

आधी घेऊन झालं असेल तर तेही सांगा, ओशाळून लपवू नका. त्या दिवशी मी कॅप्सूलची बाटलीच पर्समधून काढून टेबलावर ठेवली, हात थरथरत होता, डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी लेबल वाचलं, एका घटकाखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाले, हे आणलंत ते बरं केलंत, नाहीतर आम्ही दोन दिवस कारण शोधत बसलो असतो.

औषधांची यादी आता घरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, तिचा फोटो माझ्या आणि भावाच्या फोनमधे. गोळी बदलली की त्याच दिवशी जुनी यादी फाडून नवी लिहायची, वर तारीख टाकायची, आणि नवा फोटो काढून जुना डिलीट करायचा, दोन फोटो राहिले की घाईत नेमका जुनाच उघडला जातो.